आळीला शेवट नको म्हणणाऱ्या फेलिक्सला

फेलिक्स, तुला माती देऊन आम्ही परत निघालो तेव्हा चर्चच्या आवाराबाहेर तुझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मला थांबवलं. मी तुझ्याबरोबर 'ते गेमचं' काहीतरी करते, एवढं त्यांना माहीत होतं. म्हणाले, "हुशार होता हो पोरगा. गेमच्या नादाला लागला नसता तर आज कुठे असता!" सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना विचारलं, "तुम्ही खेळलात का तो गेम?" नाही म्हणाले. "मग आधी खेळा," म्हटलं आणि रिक्षात बसले. स्मशानाच्या दारात असं बोलू नये, मला कळतं. पण बोलले.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका लेखकांचा फोन आला. पाच मिनिटं बरं बोलले, मग राहवेना त्यांना. "पण काय हो, यंत्राने फासे टाकून जुळवलेली गोष्ट, तिला गोष्ट म्हणायचं का?" मी फोन ठेवून दिला. नंतर त्यांचा दोनदा येऊन गेला, तोही घेतला नाही.

तीन आठवडे झाले. सगळे म्हणतात, लिहा, म्हणजे मोकळं वाटेल. मला मोकळं व्हायचंच नाहीये. मला भांडायचं आहे, आणि चार वर्षांत भांडायची सवय फक्त तुझ्याशी लागली, म्हणून हे तुलाच लिहिते. तुझं शिक्षण, तुझं वय, तो तीन दिवसांचा ताप, हे सगळं तुमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, पत्रकात येईलच. ते लिहिणारे आहेत. त्यात आळीबद्दल, तुझ्या त्या गेमबद्दल, एक ओळ असली तर मी कान पकडेन.

आपली ओळखच भांडणातून झाली. विरारच्या एका वाचनालयाने कथास्पर्धा ठेवली होती आणि मराठीची शिक्षिका म्हणून मला परीक्षक केलं होतं. नियम होता, एका स्पर्धकाने एक कथा. तू चाळीस पाठवल्यास. चाळीसही कथांत एकच आळी, तीच तीस घरं, आणि प्रत्येकीत घडलेलं मात्र निराळं. एकीत विहिरीवरून दोन जावा बोलेनाशा झालेल्या, तर दुसरीत त्याच दोघी दारात आडव्या उभ्या राहून एका सुनेला माहेरी जाऊ देत नाहीत. वाचताना मी चक्रावले, आणि खरं सांगायचं तर तीन रविवार त्यातच घालवले. शेवटी पाकिटावर शेरा मारला, 'यात लेखक कुठे आहे?' आणि गठ्ठा बाद केला.

आठवडाभरात तू फुलपाड्याला आमच्या शाळेत हजर. मधली सुट्टी, व्हरांड्यात पोरांचा गोंगाट, आणि तू कारखान्यातून तसाच आलेला, शर्टाला मशीनच्या तेलाचा वास. "बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. लेखक मी आहे. पण मी गोष्टी नाय लिहिल्या. मी आळी लिहिली. गोष्टी तिच्या तिने केल्या."

"हे उत्तर झालं का?" मी म्हटलं.

"ऐका तर. दिवसभर वालीवला मी लेथला प्रोग्रॅम देतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकासारखा एक पीस. एक जरी वेगळा निघाला तर सुपरवायझर बोंबलतो. घरी आल्यावर मला असं मशीन पायजे की जे दोन पीस सेम काढणारच नाय."

मी म्हटलं, ते ठीक आहे, पण वाक्यं किती कोरडी आहेत तुमची, पंचनाम्यासारखी. तू म्हणालास, "म्हणूनच आलोय. वाक्यं तुम्ही लिहा." दुसऱ्या भेटीत तू मला तुम्हीवरून तू केलंस, बाई मात्र शेवटपर्यंत बाईच ठेवलंस. "बाई, तू कुठेयस? बाई, तू येडी आहेस का?" माझ्या वर्गातल्या पोरांनी हे ऐकलं असतं तर माझी काय अब्रू राहिली असती.

त्या चर्चबाहेरच्या गृहस्थांना मी खरं तर नीट सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं की हा गेम एकट्याने खेळायचा असतो. खेळणारा आळीत राहायला येतो. मारामारी नाही, गाड्या नाहीत, गुण नाहीत. तीस घरं, एक विहीर, तोंडाशी एक क्रूस आणि मागे केळीच्या वाड्या. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पाणी भरावं, फुलं बाजाराला न्यावीत, शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद घालावा, कुणाच्या घरी रोजरीच्या प्रार्थनेला जाऊन मागे बसावं. तिथली माणसं आपापल्या स्वभावाने वागतात, बघतात, लक्षात ठेवतात आणि एकमेकांना सांगतात. त्यातून जे घडत जातं ती त्या खेळणाऱ्याची गोष्ट. नवा खेळ सुरू केला की नवी माणसं, नवी भांडणं. पहिली गोष्ट पुन्हा कुणालाच मिळत नाही, अगदी तुलाही मिळाली नसती.

आणि हेही ठासून सांगितलं असतं की आळीतलं एकही वाक्य यंत्राने लिहिलेलं नाही. हल्ली कुणालाही वाटतं, यंत्र आलं म्हणजे लिहिणारही तेच. तीन हजारांच्या आसपास वाक्यं मी माझ्या हाताने लिहिली, शाळेच्या वह्यांत, पेपर तपासता तपासता. कोणतं वाक्य कुठल्या वेळी कुणाच्या तोंडी पडेल, तेवढं तुझी आळी ठरवायची.

त्या वाक्यांचा तू केलेला छळ मी विसरणार नाही. मी जीव ओतून एक वाक्य लिहावं आणि तू तुमच्या घराच्या पडवीत बसून, केळं खात, म्हणावंस, "बाई, फार टाइट आहे. बसणार नाय. थोडा क्लिअरन्स दे, फट ठेव." मी चिडायचे. माझं वाक्य म्हणजे काय तुझा नटबोल्ट आहे का? तू समजावायचास, "हे फक्त रडणाऱ्या बाईच्या तोंडी चालेल. उद्या आळीने ते हसणाऱ्या म्हाताऱ्याला दिलं तर फाटेल. असं लिही की दोघांना बसलं पायजे आणि दोघांचं वेगळं वाटलं पायजे." वीस वर्षं मराठी शिकवते आहे मी. विशेषण काढून टाका हे मला अनेकांनी सांगितलं, पण का काढायचं हे लेथवर काम करणाऱ्या माणसाने शिकवलं. हे तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करते, कारण आता तू त्याचा फायदा घेऊ शकत नाहीस.

घराला नाव पडणं हा आळीतला माझा सगळ्यात आवडता भाग, आणि तो तू सरळ घरातून उचललास. निर्मळला, तुझ्या गावी, तुमच्या आळीत सगळ्यांचं आडनाव एकच. पत्ता सांगायचा तर घराचं टोपणनाव सांगावं लागतं. तुझ्या पणजोबांनी एकदाच, चुकीच्या वेळी, चर्चची घंटा वाजवली आणि तुम्ही चार पिढ्या घंटीवाले. तसंच खेळात. खेळणाऱ्याच्या हातून एकदा काहीतरी घडतं, आळी ते बघते, आणि त्याच्या घराला नाव पडतं. ते पुसता येत नाही.

आमच्या शाळेतले खेळाचे सावंत सर हे आळीचे पहिले रहिवासी. त्यांना लॅपटॉपवर मीच बसवलं. पहिल्याच दिवशी ते विहिरीवर कळशी विसरले आणि झाले कळशीवाले. नाव जावं म्हणून सरांनी काय काय केलं! लोकांचं पाणी भरलं, विहीर साफ केली, दोन घरांना नव्या कळश्या भेट दिल्या. मग तर विचारूच नकोस, नाव पक्कंच झालं. स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाले, "बाई, तुमच्या त्या मित्राला सांगा, एवढं नाव काढून टाक." मी निरोप दिला तेव्हा तू हसून हसून स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतलीस. "सरांना सांग, आळीत डिलीट नाय."

पण आपलं मोठं भांडण सावंत सरांच्या दुसऱ्या खेळावरून झालं. त्यात सगळा दोष तुझा होता, आणि अशी चूक तुमच्याकडच्या माणसाशिवाय कुणी केलीच नसती.

तुमच्यात लग्न ठरलं की आळीतल्या प्रत्येक घरी बोलावणं जातं. अबोला असो, कोर्टात केस चालू असो, घर वगळायचं नाही. बोलावणं माणसाला नसतं, घराला असतं. हे तुझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की प्रोग्रॅममध्येही तू तसंच लिहिलंस, जिथे घर तिथे निरोप. घरात कुणी उरलं आहे की नाही, हे तपासायला पाहिजे असं तुझ्या डोक्यातच आलं नाही.

सावंत सरांच्या शेजारी त्या खेळात पास्कू नावाचा म्हातारा राहायचा. एकटा, खडूस. कुंपणावरून सरांचं त्याच्याशी वाजलं होतं. म्हातारा मेला, घर रिकामं पडलं. पुढे आळीत एक लग्न ठरलं, नवऱ्या मुलीची आई घरोघर बोलावणं करत निघाली आणि पास्कूच्या घरापाशी येऊन उभी राहिली. पडद्यावर वाक्य आलं. 'दार बंद होतं. तिने तरीही निरोप सांगितला, आतून कुणी ऐकलं असेल असं समजून थोडं थांबली, आणि पुढच्या घराकडे वळली.'

दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गाच्या दारात आले. तास चालू होता. मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, मी पुढे खेळलो नाही. उठलो आणि गावी भावाला फोन लावला. बांधावरून सहा वर्षं बोलत नव्हतो आम्ही."

"काय म्हणाला भाऊ?"

"काय म्हणणार? म्हणाला, आंब्याला मोहोर बरा आलाय यंदा."

आता ते वाक्य माझं होतं. पण मी ते घरातली माणसं वाडीत कामाला गेलेली असतील तेव्हासाठी लिहिलं होतं. अगदी साधं, रोजच्या वापराचं वाक्य. तुझ्या चुकीने ते उचलून मेलेल्या माणसाच्या दारात ठेवलं. मी त्याच रविवारी तावातावाने निर्मळला आले. म्हटलं, ही चूक दुरुस्त कर. तू म्हणालास, आता नाय करणार. मी म्हटलं, "मी असं लिहिलंच नव्हतं!"

"मी पण नव्हतं," तू म्हणालास. "मग कुणी लिहिलं, सांग."

त्या प्रश्नावर आपण दोन वर्षं भांडलो, फेलिक्स. पडवीत, फोनवर, एकदा तर तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत उभं राहून. माझं म्हणणं एकच होतं आणि आजही तेच आहे. गोष्ट म्हणजे कुणीतरी अंगावर जबाबदारी घेऊन 'इथे संपलं' असं म्हणणं. नुसतं घडत राहणं म्हणजे गोष्ट नाही, ते तर आमच्या सोसायटीच्या जिन्यातही घडत असतं. तू म्हणायचास, "बाई, आळीत कोण म्हणतो इथे संपलं? माणूस जातो. आळी राहते."

आता तू गेलास आणि आळी माझ्या लॅपटॉपवर चालू आहे, म्हणून तुझंच खरं ठरलं असं जर कुणी म्हणायला लागलं, तर मी त्याला तिथेच अडवीन. मेल्यामुळे कुणाचं म्हणणं खरं होत नाही. हा उगाच मिळालेला गुण मी तुला देणार नाही, तू कितीही लाडका असलास तरी.

शेवटच्या रविवारचं लिहायला मी टाळते आहे, हे तुला कळलं असेलच. चर्चमधली मिस्सा आटोपून तू पडवीत बसला होतास. मी सहा पानं घेऊन आले होते. आळीचा शेवट. खेळणारा आळी सोडून जातो, आणि तीसही घरांतली माणसं, भांडलेली आणि न भांडलेली, क्रुसापर्यंत त्याला पोचवायला येतात. तू सहाही पानं वाचलीस. वाचून डोळे पुसलेस. नाकारू नकोस, मी बघितलं. आणि म्हणालास, "लय भारी आहे. पण टाकणार नाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "शेवट नाही तर यापुढे एक वाक्य नाही."

तुला तेव्हा माझ्याकडून शेवटचा एकच भाग यायचा होता. समेटाची चाळीस वाक्यं. आळीत भांडणं होती, अबोले होते, पण दोन माणसांनी पुन्हा बोलायला लागावं तर तिथे काहीच नव्हतं. तू जागा तयार ठेवली होतीस. आळी तिथवर यायची, दोघांना समोरासमोर आणून उभं करायची, आणि पडदा कोरा. मी अडवून धरलं होतं. मास्तरणीचा संप!

मी म्हटलं, "तुला शेवटाची भीती वाटते, फेलिक्स."

तू म्हणालास, "आणि तुला वाटतं, शेवट नसला तर तुझं कोण ऐकणारच नाय."

लागलं ते. लागावं म्हणूनच बोललास. मी पिशवी उचलली. तुझ्या आईने माझ्यासाठी केळी बांधून ठेवली होती, तीही न घेता निघाले. दोन आठवडे मी फोन केला नाही. तूही नाही. मग सकाळी शाळेत निघताना तुझ्या आईचा फोन आला आणि मला आधी वाटलं, तूच तिला मध्ये घातलंस. मी जरा ताठच आवाजात "हं, बोला मावशी" म्हटलं. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

मागच्या रविवारी तुमच्याकडे अंधेरीच्या एका कंपनीचा माणूस आला होता. तू कधीतरी त्यांना आळी पाठवली होतीस म्हणे. मला आईने बोलावून घेतलं. तुला तर माहीत आहे, तिची घरची बोली वेगळी आणि माझ्याशी बोलताना ती जपून शाळेतल्यासारखी मराठी बोलते. तरुण होता तो माणूस, वागायला सभ्य. "मॅम, कन्सेप्ट एकदम युनिक आहे. पण प्लेयरला क्लोजर पायजे ना." आईने तुझा कॉम्प्युटर दाखवला तेव्हा त्याला त्यातल्या एका फोल्डरमध्ये माझी सहा पानं सापडली होती. तू ती टाइप करून ठेवली होतीस, फेलिक्स. टाकणार नाय म्हणालास आणि सगळी टाइप करून ठेवलीस, वेलांटीची एक चूक न करता. हे मला त्याच्याकडून कळावं?

त्यांना तो शेवट हवा होता, जसाच्या तसा. बंद दाराशी बाई उभी राहते तो 'बग' काढायचा होता. आणि एक खास गोष्ट, त्याने मोठ्या प्रेमाने सांगितली, आळीच्या तोंडाशी ते एक फेलिक्स उभा करणार होते. फोटोंवरून चेहरा, मोबाइलमधल्या व्हॉइस मेसेजवरून आवाज. येणाऱ्या प्रत्येकाचं तो स्वागत करणार.

"काय म्हणतो हा, बाय?" तुझ्या आईने विचारलं. मी समजावून सांगितलं.

"रोज उभा राहणार?"

"हो मावशी."

"पावसात पण?"

"हो."

"आणि बोलणार काय?"

"या, आळीत तुमचं स्वागत आहे," तो माणूस म्हणाला.

आई त्याला म्हणाली, "माझा फेलिक्स कुणाला या म्हणाला होता कधी? घरात मानूस आला तर बस पन नाय म्हणायचा." मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही, दोन्ही आवरेना. मग ती त्याला अगदी हळू म्हणाली, "नको रे बाबा. मी त्याला माती दिली. आता त्याला परत कामाला नको लावू."

राहिला शेवट. आई माझ्याकडे वळली. "ते तू लिहिलंस ना? तुला पायजे होतं ना तसं? मग तू सांग. तू सांगशील तिथे मी सही करते."

खोटं कशाला बोलू. त्या क्षणी मला तो शेवट हवा होता. दोन वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते आयतं समोर आलं होतं, एक परका माणूस माझ्या सहा पानांना अप्रतिम म्हणत होता, आणि नाय म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मला एक 'हो' म्हणायचं होतं. आणि त्याचाच मला भयंकर राग आला. तुझा, त्याचा, माझा. वाद आपल्या दोघांचा होता. तू समोर बसून, केळं खात, हरला असतास तर मी पेढे वाटले असते. रिकाम्या खुर्चीसमोर मला जिंकायचं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"पण मॅम, तुम्हीच तर लिहिलंय!"

"मी ते त्याच्याशी भांडायला लिहिलंय. तुम्हाला द्यायला नाही."

गेला बिचारा. पैसे बरे मिळाले असते, तेही मी तुझ्या आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, वाडी आहे, पेन्शन आहे, तू चहा घे.

तर आता ऐक. तुझी महिन्याची मिस्सा झाली की आळी आम्ही आहे तशी बाहेर सोडतो आहोत. आई आणि मी. सावंत सर म्हणतात, ते सगळ्या शाळांच्या खेळ शिक्षकांना खेळायला लावतील, ते लावतीलच. बंद दार तसंच राहील. शेवट असणार नाही. माझी सहा पानं मी फाडलेली नाहीत, कपाटात आहेत, आणि माझं मत बदललेलं नाही, हे तिथे वर कुणी साक्षीदार असेल तर त्याच्यासमोर सांगते.

फक्त कोरा पडदा तसा सोडता येईना. काल दुपारी तुमच्या पडवीत बसून समेटाची वाक्यं लिहून काढली. संप मागे घेतला, मागण्या मान्य न होता. आई आत भात उकडत होती. एकाही वाक्यात मी माफी घातलेली नाही. तुमच्या आळीत कुणी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही, आणि आमच्या कोकणातही नाही. माणसं येतात आणि भलतंच काहीतरी बोलतात. 'तिने विचारलं, तुझ्याकडचा कोयता मिळेल का.' 'तो म्हणाला, तुमच्या कुत्र्याने माझी चप्पल नेली आहे, मी आत येऊन बघतो.' 'तिने ताटली परत दिली. ताटली रिकामी नव्हती.' एकेक वाक्य लिहून मोठ्याने वाचलं, रडणाऱ्याला बसेल का, हसणाऱ्याला बसेल का, तुझ्या पद्धतीने. दोन टाइट निघाली, ती बदलली.

एकोणचाळीस झाली. चाळीसावं सुचायला वेळ लागला नाही, लिहायला लागला. ते आता आळीत आहे. कुठल्या घरात, कुठल्या भांडणानंतर, कुणाच्या तोंडी पडेल ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. बरीच माणसं ते कधी वाचणारही नाहीत. तुझ्यासाठी मात्र ते इथे लिहून ठेवते, फेलिक्स, क्लिअरन्स आहे का बघ.

'तुझं मला अजून पटलेलं नाही. सरक जरा, बसू दे.'